घरी बांधलेल्या विमानाच्या कॉकपिटात कार्बन मोनॉक्साइड शिरू नये म्हणून

२०१७ सालच्या ३१ डिसेंबरला सिडनीच्या उत्तरेला जेरुसलेम बे नावाच्या खाडीत बीव्हर जातीचं एक सीप्लेन कोसळलं. पायलट आणि पाच प्रवासी, सहाही जण गेले. बराच काळ कारण सापडेना. पुढे रक्ताच्या नमुन्यांची नव्याने तपासणी झाली तेव्हा त्यांत कार्बन मोनॉक्साइड निघाला, आणि ऑस्ट्रेलियाच्या तपास पथकाने अवशेष पुन्हा बारकाईने पाहिले. इंजिनाभोवतीच्या एक्झॉस्टच्या कड्याला आधीपासून तडे होते. शिवाय मॅग्नेटोपर्यंत, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्रापर्यंत, हात जावा म्हणून फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीवर, जी झाकणं असतात, त्यांचे तीन बोल्ट जागेवर नव्हते.

विमान बांधणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला मी ही हकीकत सांगतो, कारण सगळा विषय त्या दोन गोष्टींत आहे. नुसते तडे असते तर वायू बहुतांशी काउलखालून, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाखालून, बाहेर गेला असता. नुसती भोकं असती तर इंजिनाकडची गरम हवा आत आली असती. एक उगम आणि एक वाट, दोन्ही जुळले की माणसं मरतात. म्हणून काम दोन्हीकडून करायचं: वायू नळीबाहेर पडू द्यायचा नाही, आणि पडलाच तर त्याला आत यायला वाट ठेवायची नाही. नंतर हा वायू मोजणारं मीटर लावून खात्री करायची, कारण तुमच्या नाकाला यातलं काही कळणार नाही.

मी अमेरिकेत राहतो. माझं दोन आसनी, शेजारी-शेजारी बसायचं, पुढे इंजिन असलेलं पत्र्याचं विमान गॅरेजमध्ये बांधून झालं, त्याला आता बरीच वर्षं झाली. इकडे घरी विमान बांधणं हा रुळलेला छंद आहे. आपल्याकडे मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं, आणि तेव्हापासून या विषयावर मराठीत प्रश्न विचारणारी मंडळी मला भेटू लागली. पंख, रिव्हेट, इंजिन यांबद्दल ते भरभरून विचारतात. कार्बन मोनॉक्साइडबद्दल क्वचितच कोणी विचारतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हा वायू ओळखून घ्या

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब, बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवून अंघोळीला गेलेलं माणूस, अशा बातम्या दर थंडीत आपण वाचतो. तोच हा वायू. रंग नाही, वास नाही, चव नाही. वजनाला जवळपास हवेइतकाच, त्यामुळे तळाशीही बसत नाही आणि छताशीही जमत नाही, हवेबरोबर सगळीकडे फिरतो. एक्झॉस्टचा वास येतो तो अर्धवट जळालेल्या इंधनातल्या दुसऱ्या पदार्थांचा. वास आला तर कार्बन मोनॉक्साइड आहेच असं समजा. वास नाही म्हणून तो नाही, असं मात्र कधीही समजू नका.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. एकदा चिकटला की साध्या हवेत त्यातला निम्मा सुटायला चार ते सहा तास लागतात. याचा पायलटच्या दृष्टीने अर्थ असा की सकाळच्या उड्डाणात थोडा घेतलात, चहा पिऊन दुपारी परत निघालात, तर सकाळचा अजून अंगात आहे आणि वर दुपारचा चढणार आहे. उंचीवर हवा मुळातच विरळ असते, त्यामुळे जमिनीवर जे सोसलं असतं ते आठ-दहा हजार फुटांवर सोसत नाही. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात तो आधीच काही टक्के असतो.

करोनाच्या काळात घराघरात आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे धोका देतो. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक त्याला कळत नाही. माणूस ग्लानीत जात असतानाही तो ९८ दाखवू शकतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

आता थोडा हिशोब, कारण आकड्यांशिवाय या गळतीचा अंदाज येत नाही. पेट्रोल इंजिनाला मिश्रण जास्त इंधनाचं, म्हणजे रिच दिलं, की एक्झॉस्टमध्ये काही टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. पाच टक्के धरा. पाच टक्के म्हणजे दहा लाख भागांत पन्नास हजार भाग, पन्नास हजार पीपीएम. कारखान्यात बनणाऱ्या विमानांसाठी अमेरिकेचा नियम केबिनमध्ये वीस हजारांत एक भाग, म्हणजे ५० पीपीएमची मर्यादा घालतो. तेव्हा तुमच्या कॉकपिटातल्या हवेच्या हजार भागांत एक भाग एक्झॉस्ट मिसळला, की मर्यादा गाठली. हजारात एक भाग आत यायला मोठं भगदाड लागत नाही. केबलच्या भोवतीची फट पुरते.

हवा कुठून कुठे वाहते

बहुतेक नवशिके इथे चुकतात, आणि मीही चुकलो होतो.

आपल्याला वाटतं विमान पुढे जातं, म्हणजे हवा पुढून आत येणार आणि मागून बाहेर जाणार. कॉकपिटात बरेचदा उलट होतं. कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, फुगवट्यावरून हवा वेगाने जाते, तिथे बाहेरचा दाब कमी होतो. कॅनोपीच्या कडेच्या फटींतून आतली हवा बाहेर खेचली जाते आणि कॉकपिट हलका निर्वात होतो. ही तूट भरून काढायला हवा मिळेल तिथून आत शिरते: पंखाच्या मुळाशी, पंखाच्या मागच्या कडेला खाली होणाऱ्या फ्लॅपच्या दांड्याच्या खाचेतून, शेपटीकडून सीटच्या मागच्या पडद्याखालून. विमानाच्या शेपटीतून वारा पुढे पाठीवर येतो हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही. लोकरीचा धागा धरून पाहिला की पटतं.

त्याच वेळी काउलच्या आत, इंजिन थंड करायला समोरून घुसलेल्या हवेचा दाब कॉकपिटपेक्षा जास्त असतो. म्हणून फायरवॉलचं प्रत्येक भोक आतल्या बाजूला फुंकत असतं. आणि एक्झॉस्टची नळी जिथे संपते तिथून निघालेला धूर पोटाला चिकटून मागे जातो. पोटावर काळपट-करडा पट्टा उमटतो ना, तो धुराचा माग आहे. त्या पट्ट्यात किंवा त्याच्या शेजारी जी उघडी जागा असेल, ती तुमच्या फुप्फुसापर्यंतची वाट समजा.

माझ्या विमानात पहिल्या काही उड्डाणांत चढताना मीटर ४० च्या वर जायचं आणि सरळ उड्डाणात खाली यायचं. मी फायरवॉल दोनदा सील केली. आकडा हलला नाही. दोष फायरवॉलचा नव्हताच. धूर पोटावरून मागे जात होता आणि फ्लॅपच्या दांड्याच्या खाचेतून आणि सीटच्या मागून आत येत होता. त्या जागा बंद केल्यावर आकडा एका अंकात आला. हवेची दिशा आधी पाहिली असती तर दोन आठवडे वाचले असते, म्हणून हा भाग इतका लांबवला.

पहिली पायरी: एक्झॉस्ट

नळ्या बसवताना साधी पेन्सिल जवळ ठेवू नका. तापणाऱ्या स्टेनलेस स्टीलवर पेन्सिलची रेघ मारली की ती तापल्यावर धातूत मुरते आणि तिथून तडा सुरू होऊ शकतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या हत्याराने घासल्यावरही तेच होतं. खूण करायची तर खडूने करा, आणि काम झाल्यावर नळी स्वच्छ पुसा.

सिलिंडरच्या डोक्याला जिथे नळी लागते तिथलं गॅस्केट नवीनच वापरा. आपले मोटरसायकलवाले ‘पॅकिंग गेलंय’ म्हणतात, तोच प्रकार इथेही होतो, फक्त परिणाम वेगळा. इंजिन पहिल्यांदा चालवून पूर्ण थंड झालं की नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळा, कारण पहिल्या तापण्या-निवण्यात गॅस्केट बसतं आणि नट सैल होतात. गॅस्केट फुंकू लागलं की कडेला पांढुरकी किंवा करडी भुकटी दिसते. ती पुसून टाकून पुढच्या वेळी बघू असं करू नका, लगेच उघडा.

सरक-जोड आणि चेंडू-जोड मोकळे हलले पाहिजेत. इंजिन थरथरतं, नळ्या तापून लांबतात. जोड घट्ट धरून बसला तर तो ताण वेल्डवर जातो आणि वेल्ड फुटतो. असे जोड उघडून उष्णतेला टिकणारं अँटीसीझ, म्हणजे जोड जाम होऊ न देणारं वंगण, लावत राहा. रोटॅक्स ९१२ या लहान विमानांतल्या इंजिनाच्या चेंडू-जोडांना स्प्रिंगा असतात. त्या तुटतात, म्हणून त्यांना सेफ्टी वायर लागते. एक्झॉस्टच्या तापमानाचा प्रोब बसवायला नळीला भोक पाडलेलं असतं, तडा तिथूनही निघतो. नळी लोंबकळत ठेवू नका, पण फ्युजलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला, घट्ट आवळूही नका. नळीचा आधार इंजिनालाच द्यावा, म्हणजे दोन्ही एकत्र थरथरतात.

आता दाबाची चाचणी. ही वर्षातून एकदा करायचीच, आणि पहिल्या उड्डाणाआधीही. इंजिन गार, मॅग्नेटो बंद, किल्ली खिशात. व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकण्याच्या बाजूला लावा, आधी दोन मिनिटं मोकळ्यात चालवून आतली धूळ उडू द्या. मग ती एक्झॉस्टच्या तोंडात चिंधी किंवा फोम गुंडाळून बसवा. नळ्या एकाहून जास्त असतील तर बाकीच्यांना बूच मारा. फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक वेल्ड, प्रत्येक फ्लँज, प्रत्येक वाकण यांवर मारा. जिथे बुडबुड्यांची रांग धरते तिथे तडा आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. सरक-जोडाला थोडे बुडबुडे येणारच, फ्लँजला आणि वेल्डला आले तर चालणार नाही. छोटा आरसा आणि टॉर्च हाताशी असू द्या, कारण तडे नेमके नळीच्या मागच्या बाजूला असतात. शेवटी साध्या पाण्याने साबण धुऊन काढा.

तडा सापडला तर तात्पुरती पट्टी, पेस्ट, क्लँप असलं काही लावून उडू नका. नळी उतरवा आणि पातळ स्टेनलेसचं टिग वेल्डिंग जाणणाऱ्याकडे द्या, नाहीतर नवी आणा.

नळीचं तोंड कुठे संपतं तेही बघा. काउलच्या कडेलाच संपत असेल तर धूर पोटाला चिकटतो. काही सेंटिमीटर लांब आणि किंचित खाली वळलेलं तोंड अनेक विमानांत आतला आकडा खाली आणतं. मात्र लांब नळीचं वजन आणि थरथर वाढते, तेव्हा आधाराचा विचार करूनच लांबवा.

दुसरी पायरी: हीटर

लहान विमानातला नेहमीचा हीटर म्हणजे एक्झॉस्टच्या नळीभोवती किंवा मफलरभोवती गुंडाळलेली पत्र्याची बाही, हीट मफ. बाहेरची हवा त्या बाहीतून जाते, तापते आणि स्कॅट होज नावाच्या लवचीक नळीतून कॉकपिटात येते. बाहीच्या आतल्या नळीला तडा गेला तर धूर सरळ तुमच्या पायांवर येतो. वाट तुम्हीच बांधून दिलेली असते, आणि बाहीने तडा झाकलेला असतो.

जानेवारी २०१९ मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला नांतहून कार्डिफला निघाला होता. पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. ब्रिटिश तपासात त्याच्या रक्तात कार्बोक्सीहिमोग्लोबिनचं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं, प्रमाण ५८ टक्के निघालं, आणि पायलटवरही त्या वायूचा परिणाम झाला असावा असं अहवाल सांगतो. ते कारखान्यात बनलेलं विमान होतं. घरी बांधणाऱ्याने तर आणखी सावध असायला हवं.

म्हणून: बाही अशी बसवा की चार स्क्रू काढले की उघडेल. रिव्हेट मारून कायमची बंद केलीत तर तुम्ही ती कधी उघडणार नाही. बाहीच्या आत कुठलाही सरक-जोड येऊ देऊ नका. हीटरची हवा काउलच्या आतून न घेता पुढच्या स्वच्छ भागातून घ्या. फायरवॉलवरचा हीटरचा डबा स्टेनलेसचा घ्या, कारण हीटर बंद असताना त्या डब्याची झडपच आग अडवते. झडप बंद केल्यावर गरम हवा काउलमध्ये सुटली पाहिजे. बाहीत ती कोंडली तर नळी जास्त तापते आणि लवकर फुटते. आणि झडप खरंच पूर्ण बंद होते का, हे केबल जोडल्यावर हात घालून पाहा.

रोटॅक्ससारखं पाण्याने थंड होणारं इंजिन असेल तर मी मोटारीसारखा छोटा रेडिएटर कॉकपिटात घेऊन ऊब घ्यायला सांगतो. एक्झॉस्टशी त्याचा संबंधच येत नाही. गरम पाण्याची नळी फुटण्याचा धोका आहे, पण तो दिसतो आणि वासही येतो. ज्यांना थंडीत फार उडायचं नाही त्यांनी पहिल्या वर्षी हीटर जोडूच नये, भोक स्टेनलेसच्या चकतीने बंद करावं आणि जाड जाकीट घालावं.

तिसरी पायरी: फायरवॉल

फायरवॉल म्हणजे बहुधा ०.४ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा स्टेनलेस पत्रा. पत्रा स्वतः गळत नाही. त्यातून थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या केबल, इंधनाच्या नळ्या, वायरींचे जुडगे जातात, ती भोकं गळतात. कोपऱ्यात जिथे तीन पत्रे एकत्र येतात तिथलं टोकही गळतं, आणि रिकामी राहिलेली रिव्हेटची भोकंही.

केबलसाठी स्टीलचं गोलाकार फिरतं फिटिंग मिळतं, ते घ्या. केबल तिरकी गेली तरी फट राहत नाही. वायरींसाठी स्टेनलेसची आखूड नळी फायरवॉलला बसवून, तिच्यावर आगरोधक बाही चढवून दोन्हीकडे क्लँप लावा. नुसता रबरी ग्रोमेट पुरत नाही, तो कडक होऊन चिरतो आणि आगीत जळतो. सीलंट फायरवॉलसाठीच बनलेलं असावं. घरातल्या खिडक्यांचं सिलिकॉन आणि फुगणारा फोम दोन्ही इथे वर्ज्य, कारण जळाले तर त्यांचाच धूर आत येईल. सीलंट लावण्याआधी पत्रा सॉल्व्हंटने पुसा, तेलकट पत्र्यावरून ते महिन्याभरात सुटून येतं.

तपासणी रात्री करा. हँगरचे दिवे बंद. एकाने काउल काढून इंजिनाच्या बाजूने प्रखर टॉर्च फायरवॉलवर फिरवायचा, दुसऱ्याने डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून आतून बघायचं. जिथे प्रकाशाचा ठिपका चमकेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा. मी हे करतो तेव्हा बरोबर घरचं कोणीतरी असतं, आणि दरवेळी मला न दिसलेला एखादा ठिपका त्यांना दिसतो.

चौथी पायरी: पोट, पंखाचं मूळ, शेपटी

आता कॉकपिटच फुगवून बघायचा. सगळे व्हेंट, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारी तोंडं, टेपने बंद करा, कॅनोपी लावा, पानं उडवायच्या ब्लोअरचं तोंड एखाद्या उघड्या जागेतून पुठ्ठ्याच्या चकतीत बसवून आत हवा भरा. ब्लोअर विजेवरचा घ्या, पेट्रोलचा घेतलात तर जो वायू शोधायचा तोच आत भराल. आणि अगदी हळू चालवा, कॅनोपीवर ताण येऊ देऊ नका. दुसऱ्याने बाहेरून साबणाचं पाणी मारत फिरायचं. फ्लॅपचे दांडे, विमान कुशीवर कलवणाऱ्या एलरॉनचे दांडे पंखातून जिथे आत येतात ती भोकं, लँडिंग गिअरचे पाय, पोटावरचे अँटेना, कॅनोपीची कड, सगळीकडे फेस फुलेल. पहिल्या चाचणीत घाबरू नका, प्रत्येकाचं विमान चाळणीसारखं गळतं.

उदबत्तीच्या धुराने हवा दिसते हे खरं, आणि आपल्या हाताशी ती पटकन येते. पण इंधनाच्या टाक्या भरलेल्या विमानाजवळ ती पेटवू नका. काडीला बांधलेला लोकरीचा धागा तेच काम करतो.

हलणाऱ्या दांड्यांना लवचीक कापडी किंवा चामड्याचे पिशवीसारखे बूट (आवरण) बसवा, चपट्या खाचांना ब्रशची पट्टी. दांडा पूर्ण फिरतो का, कापड त्यात अडकत नाही ना, हे दोन्ही टोकांपर्यंत हलवून पाहा. कंट्रोलला अटकाव होण्यापेक्षा थोडी गळती परवडली. सीटच्या मागचा पडदा शेपटीपासून शक्य तितका बंद करा.

मग वाट बंद करण्याची दुसरी बाजू: स्वच्छ हवा पुढून भरपूर येऊ द्या. काउलच्या बाजूला किंवा पंखाच्या पुढच्या कडेला एक्झॉस्टपासून दूर असलेले व्हेंट उघडे ठेवले की कॉकपिटातला दाब वाढतो आणि मागून येणारा प्रवाह मंदावतो. कॅनोपी किंवा खिडकी किलकिली केली तर मात्र उलट होऊ शकतं, कारण ती आतली हवा खेचते. सिडनीच्या त्या विमानात पायलटचं दार टॅक्सी करताना किलकिलं होतं, आणि त्यामुळे आत येणारा वायू बहुधा वाढला, असं तपासात नमूद आहे. उन्हाळ्यात कॅनोपी उघडी ठेवून रनवेपर्यंत जायचा मोह सगळ्यांना होतो. तेव्हा मीटरकडे बघा, विशेषतः वारा मागून असेल तर.

इंजिन मागे असलेल्या पुशर विमानात आणि उघड्या कॉकपिटच्या विमानात हा प्रश्न कमी आहे, पण संपत नाही. विंडशील्डमागे हवा भोवऱ्यासारखी फिरते, आणि जमिनीवर मागून वारा आला की मागचा धूर पुढे येतो.

पाचवी पायरी: मीटर

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२२ मध्ये सांगितलं की १९८२ ते २०२० या काळात कार्बन मोनॉक्साइडमुळे झालेले विमानांचे ३१ अपघात त्यांना सापडले, त्यांत ४२ माणसं गेली. त्या ३१ विमानांपैकी फक्त एकात शोधक होता, आणि तोही आवाज करून सावध करणारा नव्हता.

पुठ्ठ्याच्या चकतीवरचा रंग बदलणारा ठिपका स्वस्त असतो, पण तुम्ही त्याच्याकडे बघाल तरच उपयोग. वायूचा पहिला घाव लक्ष देण्याच्या शक्तीवरच पडतो, मग बघणार कोण? शिवाय पाकीट फोडल्यावर तो काही महिन्यांत निकामी होतो. घरात भिंतीला लावायचा अलार्मही नको. अमेरिकी मानकाप्रमाणे तो ७० पीपीएमला एक ते चार तासांत वाजतो आणि ३० पीपीएमला मुद्दाम गप्प बसतो. विमानात तोवर प्रवास संपतो.

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर असलेलं, आकडा दाखवणारं, आवाज आणि प्रकाश दोन्ही देणारं मीटर घ्या. हेडसेटच्या आत ऐकू येईल अशी सोय असेल तर उत्तम, नाहीतर हेडसेट घालून इंजिन चालू असताना अलार्म ऐकू येतो का ते जमिनीवर तपासा. सेन्सरचं आयुष्य ठराविक असतं. संपायची तारीख मार्करने मीटरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहा. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून, पायलट नसलेल्या प्रवाशाला पिस्टन इंजिनाच्या विमानात नेताना असं चालू स्थितीतलं मीटर सक्तीचं आहे. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला सक्ती नाही. सक्ती होण्याची वाट बघू नका.

सहावी पायरी: हवेत मोजणी

अमेरिकेत घरी बांधलेल्या नव्या विमानाला आधी सहसा २५ किंवा ४० तास चाचणी-उड्डाणं करावी लागतात. त्यातलं एखादं उड्डाण या मोजणीसाठी राखा. पहिली मोजणी जमिनीवर: नाक वाऱ्यात, मग शेपूट वाऱ्यात, इंजिन हळू आणि मग रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन वाढवून तपासतात तेव्हा. तिथे आकडा सतत ५० च्या वर राहिला तर उडू नका. नंतर हवेत पूर्ण ताकदीची चढाई, सरळ उड्डाण, फ्लॅप खाली करून हळू उड्डाण, थ्रॉटल मागे ओढून उतरण. यांतल्या प्रत्येक स्थितीत हीटर चालू आणि बंद, व्हेंट उघडे आणि मिटलेले. मीटर तोंडाजवळ, पायांशी आणि सीटच्या मागे अशा तीन जागी ठेवून पाहा. प्रत्येक स्थितीत दोन-तीन मिनिटं थांबा, सेन्सरला वेळ लागतो. आकडे लिहायला शेजारी माणूस लागेल असं वाटेल, पण चाचणीच्या काळात प्रवासी चालत नाही, तेव्हा आवाज रेकॉर्ड करा.

चढाईत आकडा सर्वांत जास्त येतो, कारण मिश्रण रिच असतं आणि नाक वर असल्याने धूर पोटाला वेगळ्या कोनात घासतो. हीटर उघडताच आकडा उसळला तर दोष बाहीत. हीटरचा काही फरक नाही, पण पायांशी जास्त आहे, तर फायरवॉल बघा. सीटच्या मागे जास्त आहे, तर धूर पोटावरून शेपटीकडून येतोय. हे माझ्या विमानावरून शिकलेलं आहे, तुमच्यात थोडं वेगळं निघेल.

किती चालेल? मी स्वतः सरळ उड्डाणात एका अंकाच्या वर गेलेला आकडा मान्य करत नाही. नियमाची ५० ही मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे.

वर असताना अलार्म वाजला तर

हा क्रम छापून पॅनेलवर चिकटवा, कारण त्या वेळी आठवेल याची खात्री नाही. हीटर बंद. पुढचे स्वच्छ हवेचे व्हेंट पूर्ण उघडे. ऑक्सिजनची बाटली असेल तर नळी नाकाला. शक्य असेल तिथे ताकद कमी करून मिश्रण लीन, म्हणजे कमी इंधनाचं, त्याने एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड घटतो. रेडिओवर स्पष्ट सांगा की कॉकपिटात कार्बन मोनॉक्साइड आहे, म्हणजे तुमचं बोलणं अडखळू लागलं तर ऐकणाऱ्याला कारण माहीत असेल. आणि सर्वांत जवळच्या धावपट्टीवर उतरा, घरच्या नव्हे. डोकं दुखणं, जांभया, मळमळ, दम लागणं, किंवा सगळं फारच छान चाललंय असं वाटणं, यांतलं काही मीटर नसतानाही जाणवलं तर हाच क्रम.

उतरल्यावर बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा उडू नका. डॉक्टरांना ‘कार्बन मोनॉक्साइड’ हे शब्द उच्चारून सांगा आणि रक्तातलं कार्बोक्सीहिमोग्लोबिन तपासायला सांगा. नाहीतर बोटाला ऑक्सिमीटर लावून ९८ बघून ते तुम्हाला घरी पाठवतील. प्रवाशांनाही तपासा, विशेषतः लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर.

एवढं झाल्यावर कामाच्या तारखा लॉगबुकात घाला: दर ऑइल बदलताना काउल काढून टॉर्च आणि आरशाने एक्झॉस्टची पाहणी, दर वर्षीच्या तपासणीत हीट मफ उघडून साबण-पाण्याची दाब-चाचणी आणि रात्रीची टॉर्च-चाचणी. मधल्या काळात पोटाला नवीन अँटेनासाठी भोक पाडलं, फायरवॉलमधून एक जास्तीची वायर नेली, किंवा एखादं झाकण उघडून परत लावलं, तर त्यानंतरच्या पहिल्या उड्डाणात चढाईचा आकडा पुन्हा लिहा आणि जुन्याशी ताडून बघा. आणि झाकण लावून झालं की बोल्ट मोजा.